आकडा कोणी काढला?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रँडम आकडा हवा असला की आम्ही प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. तो आकडा आला कुठून, तो खरंच कोणी ठरवलेला नव्हता ना, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. त्या आकड्यावर पैसे लागले की मात्र हा प्रश्न एकदम महत्त्वाचा होतो. आणि सरकारी लॉटरीत तर हजारो लोकांचे पैसे एकाच आकड्यावर लागलेले असतात.

लॉटरीचा विषय निघाला की आपल्यातले गणितवाले लगेच कागद-पेन काढतात आणि तिकीट घेणं कसं मूर्खपणाचं आहे ते सिद्ध करून दाखवतात. त्यांचं म्हणणं बरोबर असतं, पण त्यात नवीन काही नसतं. स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसालाही माहीत असतं की बक्षीस बहुतेक लागणार नाही. गेले काही शनिवार-रविवार लॉटरीचा इतिहास वाचत होतो, तेव्हा मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. या धंद्यातलं गणित सोपं आहे. अवघड काम एकच: कोणीही न ठरवलेला आकडा मिळवायचा, आणि तो कोणी ठरवलेला नाही हे सगळ्या जगाला पटवायचं. गेली चारशे वर्षं लॉटरी चालवणारे याच एका प्रश्नाशी झटापट करताहेत.

सुरुवात इटलीतल्या जिनोआपासून करू. हे तेव्हा एक स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. तिथे राज्यकारभारातल्या मोठ्या जागांवर कोणी बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायची पद्धत होती. १२० प्रतिष्ठितांची नावं भांड्यात टाकायची आणि त्यातून पाच काढायची. आता जिथे चिठ्ठी निघते तिथे पैज लागणारच! कोणाची नावं निघणार यावर लोक पैसे लावू लागले. सरकारने आधी बंदी घालून पाहिली. ती काही चालेना, तेव्हा १७व्या शतकात या पैजांचा मक्ता देऊन स्वतःच पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे माणसांची नावं गेली आणि त्यांच्या जागी १ ते ९० आकडे आले. नव्वदातून पाच काढायचे, हा इटलीचा 'लोत्तो' आजही तसाच आहे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या चिठ्ठ्या जुगारासाठी काढल्या जात नव्हत्या, राज्यकारभारासाठी काढल्या जात होत्या. पैजा घेणाऱ्या सावकाराचा त्या भांड्याशी काही संबंध नव्हता, म्हणून लोकांचा निकालावर विश्वास होता. दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी तयार झालेला आकडा आयता उचलायचा, ही युक्ती पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

जिनोआचा खेळ १७५८ साली पॅरिसला पोचला. राजाला लष्करी शाळेसाठी पैसे हवे होते आणि तिजोरीत खडखडाट होता. योजना मांडणाऱ्यांमध्ये चक्क कॅसानोव्हा होता. हो, तोच, प्रेमप्रकरणांसाठी प्रसिद्ध असलेला! अधिकाऱ्यांना भीती होती की पहिल्याच सोडतीत राजाचं नुकसान झालं तर काय? कॅसानोव्हा आपल्या आठवणींत लिहितो, त्याचं उत्तर साधारण असं होतं: तसं झालं तर उत्तमच, कारण मग पुढच्या वेळी सगळं शहर तिकीट घ्यायला धावेल. जाहिरातीची अक्कल तेव्हाही होती तर.

या फ्रेंच लॉटरीचे दर बघण्यासारखे आहेत, कारण आजच्या लॉटऱ्यांचं पोटातलं यंत्र तेच आहे. नव्वदपैकी पाच आकडे निघणार. तुम्ही एकच आकडा लावला तर तो त्या पाचात असण्याची शक्यता १८ मध्ये १, आणि लागला तर पैशाच्या १५ पट मिळायचे. दोन आकडे लावले तर शक्यता साधारण ४०० मध्ये १, आणि मिळायचे २७० पट. तीन लावले तर ११,७४८ मध्ये १, मिळायचे ५,५०० पट. चार लावले तर ५,११,०३८ मध्ये १, मिळायचे ७५,००० पट. आता भागाकार करा. एका आकड्यावर लावलेल्या शंभर रुपयांतले सरासरी ८३ परत येतात, दोनावर ६७, तीनावर ४७ आणि चारावर जेमतेम १५! म्हणजे स्वप्न जेवढं मोठं, तेवढी सरकारची दलाली जास्त. हे दर उघड छापलेले असायचे, फसवणूक अशी काही नव्हती. आणि आकडे काढायचा कोण? डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक लहान मुलगा, सगळ्यांसमोर, एका मोठ्या फिरत्या चाकातून. आता आयता आकडा मिळत नव्हता. लॉटरीसाठीच आकडा काढायचा होता, म्हणून तो काढताना दाखवणं भाग होतं. सोडतीचा समारंभ इथून आला. (ही लॉटरी क्रांतीत १७९३ साली बंद झाली, चार वर्षांत परत आली आणि शेवटी १८३६ साली कायमची गेली.)

आता मोठी उडी मारून न्यूयॉर्कला जाऊ. १९२० च्या दशकात हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत 'नंबर्स' नावाचा बेकायदा खेळ जोरात होता. ००० ते ९९९ मधला एक आकडा निवडायचा, त्यावर अगदी एक सेंटसुद्धा लावता यायचा. आकडा लागला तर साधारण ६०० पट. शक्यता हजारात एक, तेव्हा चालवणाऱ्याचा हिस्सा उघड आहे. पण गल्लीतल्या बुकीने काढलेल्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यावर तोडगा निघाला तो न्यूयॉर्क क्लिअरिंग हाऊसचा. बँकांच्या चेकची उलाढाल रोज वर्तमानपत्रात छापून यायची, त्यातले ठरलेल्या जागांवरचे तीन आकडे घ्यायचे. हार्लेमचा कुठला बुकी मॅनहॅटनच्या बँकांची बेरीज बदलणार! क्लिअरिंग हाऊसने पुढे हे आकडे पूर्ण छापणं थांबवलं, तेव्हा खेळ घोड्यांच्या शर्यतीतल्या उलाढालीच्या आकड्यांवर गेला. तिथे मात्र खिंडार पडलं. डच शुल्ट्झ या गुंडाचा ओटो बर्मन नावाचा हिशेबात तल्लख माणूस शर्यतीच्या मैदानावर बसायचा, आणि शेवटच्या क्षणी नेमक्या रकमेच्या पैजा लावून शेवटचा आकडा आपल्या सोयीचा करून घ्यायचा. पैशाच्या जोरावर बाहेरचा आकडासुद्धा हलवता येतो, हे त्याने दाखवलं.

आणि आता मुंबई. तुमच्यातल्या मुंबईकरांनी ओळखलंच असेल. आपल्या मटक्याची जन्मकथा थेट हीच आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडते आणि बंद होताना दर टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे आणि त्यावर सट्टा लागायचा. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथून आले. हार्लेमने आकडा न्यूयॉर्कच्या बँकांकडून घेतला, मुंबईने न्यूयॉर्कच्या कापसाकडून. हे एकमेकांकडून शिकले असतील असं मला वाटत नाही, पण अडचण एक होती म्हणून उत्तरही एक निघालं.

१९६१ मध्ये हे कापसाचे दर बंद झाले आणि सटोडियांचा आयता आकडा गेला. मग आकडा घरचाच काढायचा, तर तो दाखवून काढायला हवा. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. आधी मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या, म्हणून नाव मटका. पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. ३, ६ आणि ८ निघाले तर बेरीज १७, म्हणून ओपन ७. रात्री पुन्हा तीन पत्ते, त्यातून क्लोज. दोन्ही मिळून जोडी. पत्ते चारचौघांसमोर निघतात, ही ख्याती हेच खत्रींच्या धंद्याचं भांडवल होतं. परळ-लालबागच्या चाळींमध्ये गिरणीतून सुटलेला माणूस चहाच्या पैशातले चार आणे आकड्यावर लावायचा, ते या ख्यातीवर.

मटक्याचे दर साधारण असे असायचे: एका अंकाला ९ पट, जोडीला ९० पट. म्हणजे दहातला नऊ हिस्से पैसा खेळणाऱ्यांकडेच परत. सावकाराचा हिस्सा दहा टक्के! बेकायदा धंद्याचा हा दर लक्षात ठेवा.

त्याच सुमारास आपल्याकडे राज्य सरकारं या धंद्यात उतरली. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी खातं काढलं. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला झाली. तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस पन्नास हजार. महाराष्ट्राची राज्य लॉटरी आली एप्रिल १९६९ मध्ये. लोकांना मटक्यापासून वळवायचं हा तिचा एक सांगितलेला हेतू होता. एसटी स्टँडबाहेर दोरीला चिमट्यांनी लटकवलेली तिकिटं आणि 'आज सोडत!' अशी आरोळी माझ्या पिढीने भरपूर ऐकली आहे. या तिकिटाचा खेळ मटक्याहून वेगळा. यात आकडा तुम्ही निवडत नाही, तो छापूनच आलेला असतो. ठरावीक तिकिटं, ठरावीक बक्षिसं आणि एक सोडत. सरकारचा नफा छापखान्यातच ठरलेला, फक्त तिकिटं खपायला हवीत.

अमेरिकेतल्या राज्यांनी उलटा रस्ता धरला. त्यांनी गल्लीतला नंबर्सचा खेळच उचलला. न्यू जर्सीने १९७५ मध्ये तीन आकडी रोजचा खेळ सुरू केला, पेनसिल्व्हेनियाने १९७७ मध्ये. पेनसिल्व्हेनियाचा दर होता ५०० पट. बघा हं, हार्लेमचा गुंड ६०० पट देत होता आणि सरकार ५००! मग लोक सरकारकडे का आले? धाड पडायची भीती नव्हती, जिंकल्यावर बुकी पळून जाणार नव्हता, आणि आकडा रोज संध्याकाळी टीव्हीवर डोळ्यांदेखत निघत होता. सरकारने गल्लीपेक्षा वाईट दरात विकलेला माल होता विश्वास. त्या राज्यातले बेकायदा बुकीसुद्धा पुढे सरकारच्याच आकड्यावर पैसे देऊ लागले. त्यांनाही आयता, भरवशाचा आकडा मिळाला होता ना!

आणि मग २४ एप्रिल १९८० ची संध्याकाळ आली. पेनसिल्व्हेनियाचा आकडा निघाला ६६६. तीन यंत्रं, प्रत्येकात ० ते ९ असे दहा पिंगपाँगचे चेंडू, खालून हवेचा झोत, नळीत वर येईल तो आकडा. समोर टीव्हीचा कॅमेरा आणि एक ज्येष्ठ नागरिक साक्षीदार. सगळं उघड. फक्त ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंमध्ये आधीच सुईने रंग भरलेला होता, त्यामुळे ते जड झाले आणि वर येईनात. म्हणजे आठच आकडे शक्य राहिले: ४४४, ४४६, ४६४, ४६६, ६४४, ६४६, ६६४, ६६६. कारस्थानाचा सूत्रधार होता रोज हसतमुखाने सोडत सादर करणारा निवेदक निक पेरी. त्याच्या साथीदारांनी राज्यभर फिरून या आठ आकड्यांची तिकिटं घेतली होती. पण एवढी तिकिटं घेतली की माग राहतोच. दुकानदारांना आठवलं, बुकींना वास आला आणि १९८१ मध्ये पेरी दोषी ठरला.

या प्रकरणात मला एक गोष्ट दिलासा देणारी वाटते. लबाडी वस्तूत होती. चेंडू तोलता येतो, मापता येतो. तेव्हापासून चेंडूंचे संच मोहोरबंद ठेवणं, वजनं घेणं, ऐन वेळी कुठला संच वापरायचा ते ठरवणं, आधी चाचणी सोडती घेणं हे सगळं काटेकोर होत गेलं. भोक दिसलं, बुजवता आलं.

आता आमच्या जातीच्या माणसाची गोष्ट. एडी टिप्टन हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणाऱ्या संस्थेत काम करायचा. तिथे तो पुढे माहिती-सुरक्षेचा प्रमुख झाला. अर्थातच त्याला स्वतः तिकीट घ्यायला बंदी होती. काही खेळांत चेंडूंच्या जागी कॉम्प्युटर आला होता, आणि आकडे काढणारा प्रोग्रॅम लिहिणारा हाच.

कॉम्प्युटर स्वतःहून रँडम आकडा काढू शकत नाही. त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो, त्याला आम्ही 'सीड' म्हणतो, म्हणजे बी. बी तेच असेल तर झाडही दर वेळी तेच. म्हणून या यंत्रात बी यायचं किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरकडून. निसर्गातला आकडा, कोणाच्या हातात नसलेला! पुन्हा तीच जिनोआची युक्ती. टिप्टनने त्यात चार ओळी घातल्या. वर्षातल्या तीन तारखा, २७ मे, २३ नोव्हेंबर आणि २९ डिसेंबर. त्यातही वार बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील, तर गायगर काउंटर बाजूला ठेवायचा आणि बी आपल्याला काढता येईल असं घ्यायचं. मग शक्य निकालांची यादी काही शेवर यायची. तेवढी तिकिटं घेणं सहज जमतं.

बाहेरच्या प्रयोगशाळेने हे यंत्र तपासून पास केलं होतं. तपासणीत हजारो आकडे काढून ते नीट विखुरलेत का ते बघतात, आणि ते नीटच विखुरलेले होते. ठरवलेल्या बीपासून आलेले आकडेही दिसायला रँडमच दिसतात. शिवाय तपासणी त्या तीन तारखांना रात्री आठनंतर कोण करणार?

२००५ मध्ये कोलोरॅडो, २००७ मध्ये विस्कॉन्सिन, २०१० मध्ये कॅन्सस आणि आयोवा, २०११ मध्ये ओक्लाहोमा. बहुतेक बक्षिसं भाऊ, मित्र, ओळखीचे यांच्यामार्फत उचलली गेली. फसलं ते आयोवाचं. २९ डिसेंबर २०१० च्या 'हॉट लोटो' सोडतीचं बक्षीस होतं १ कोटी ६५ लाख डॉलर, आणि वर्षभर कोणी घ्यायला येईना. मुदत संपता संपता एका वकिलाने बेलीझ देशातल्या कुठल्याशा ट्रस्टच्या नावाने तिकीट पुढे केलं. आयोवाचा कायदा म्हणतो, तिकीट घेणाऱ्याचं नाव सांगा. नाव सांगेनात, उलट दावाच मागे घेतला. एवढे पैसे कोण सोडून देतं? २०१४ मध्ये पोलिसांनी दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांसमोर ठेवलं, आणि डोक्यावर हुड ओढलेल्या त्या माणसाचा आवाज त्याच्या ओळखीच्यांनी ओळखला. २०१५ मध्ये अटक, २०१७ मध्ये कबुली आणि २५ वर्षांपर्यंतची शिक्षा. २०२२ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

पेरीची लबाडी वर्षभरात उघडी पडली. टिप्टनची जवळजवळ दहा वर्षं टिकली. पकडलं त्याला यंत्राच्या तपासणीने नव्हे, तर 'नाव सांगा' या साध्या नियमाने आणि एका आवाजाने. त्याचा प्रोग्रॅमही कोणी मुळातून वाचला तो संशय आल्यानंतरच, विस्कॉन्सिनचं जुनं यंत्र हाती लागल्यावर.

आपल्याकडचा १९९८ चा केंद्रीय लॉटरी कायदा मी या सगळ्यानंतर पुन्हा वाचला, तेव्हा त्यातली रूक्ष कलमं एकदम बोलायला लागली. एकेरी अंकावर बक्षीस ठेवता येणार नाही, हा सरळ मटक्याला दिलेला नकार आहे. अमेरिकी राज्यांनी गल्लीतला खेळ उचलला, आपल्या कायद्याने तो दारातच अडवला. सोडत राज्य सरकारने स्वतः काढली पाहिजे, ती राज्याच्या हद्दीत झाली पाहिजे. वाचताना ही सरकारी थाटाची कलमं वाटतात, पण प्रत्येकाच्या मागे प्रश्न एकच आहे: आकडा कोणी काढला?

मला स्वतःला लॉटरीचं आकर्षण नाही. गरिबाच्या खिशातून रोजचे दहा-वीस रुपये काढून घेण्याचा हा मार्ग मला आवडतही नाही. पण सरकार दहा टक्क्यांवर चालणाऱ्या मटक्याहून मोठा हिस्सा घेणार असेल, तर त्या बदल्यात खेळणाऱ्याला निदान एक गोष्ट चोख मिळायला हवी, ती म्हणजे न ठरवलेला आकडा. दुसरं काही देण्यासारखं त्या दुकानात नाहीच.

आणि हे आता फक्त लॉटरीपुरतं राहिलेलं नाही. म्हाडाच्या घरांची सोडत कॉम्प्युटरवर निघते, शाळाप्रवेशाची आरटीईची सोडतही ऑनलाइन निघते. तिथे बक्षीस पैशाचं नसतं, एका कुटुंबाचं घर किंवा एका मुलीची शाळा असते. तो प्रोग्रॅम आमच्यासारखाच कोणी तरी लिहितो. त्यात बी कुठून येतं, ते सोडतीआधी कोणाला कळू शकतं का, आणि सोडतीनंतर कोणालाही तीच यादी पुन्हा काढून ताडून बघता येते का, हे तीन प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही. जिनोआच्या चौकात उभ्या असलेल्या माणसालाही ते सुचले असते.

असो. आजचं जरा लांबलंच. पुढच्या शनिवारी काही तरी हलकंफुलकं.